परक्या किचनचा अ‍ॅप्रन

ती : हे आपल्या कपड्यांत कुठून आलं?

तो : काय?

ती : हे. टॉवेल समजून मशीनमध्ये टाकत होते, तर नाड्या निघाल्या.

तो : फ्लॅटमधलं असेल. किचनच्या दारामागे टांगलेलं होतं वाटतं. पिशवी भरताना आलं असेल चुकून.

ती : त्या किचनमध्ये चार बश्या, एक कात्री आणि अंडं चिकटणारा एक तवा आहे. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅटमध्ये असला जाडजूड अ‍ॅप्रन कोण टांगून ठेवेल?

तो : घरमालकाला विचारू. तू बाकीचे कपडे टाक ना. मागे लोक खोळंबलेत.

ती : कुणी खोळंबलेलं नाही. अख्ख्या लॉन्ड्रीत आपण दोघं आणि ती म्हातारी. ती तिच्या मशीनसमोर डुलक्या काढतेय. याला माशाचा वास येतोय.

तो : असेल.

ती : माशाचा आणि कांद्याचा. आणि हात पुसल्याचे डाग सगळे डाव्या बाजूला.

तो : मग?

ती : मग काय. आपल्या घरात डावखुरा एकच आहे. लग्न झाल्यापासून तुझे किती अ‍ॅप्रन मी भिजत घातलेत, डाग कुठे असतात ते मला पाठ आहे. नाडीसुद्धा तुझ्यासारखीच पुढे बांधून आत खोचलेली आहे. सोडायची राहिलीये, डोक्यावरून काढलायस.

तो : हळू बोल.

ती : हळूच बोलतेय. आणि इथे आपली भाषा कळतेय कुणाला? काल तुझं पोट बिघडलं होतं. तुम्ही म्युझियम बघून या, मी पडून राहतो म्हणालास. मी तुला साखर-मीठ घातलेलं पाणी करून ठेवलं. तिथून फोन केला, कसं वाटतंय म्हणून. तू कण्हत बोललास. कुठे होतास?

तो : सांगतो. आधी बस.

ती : मी उभी बरी आहे.

तो : नदीच्या पलीकडे एक हॉटेल आहे. त्यांच्या किचनमध्ये होतो.

ती : कशाला?

तो : बघायला.

ती : बघायला गेलेला माणूस मासे साफ करतो?

तो : त्यांनी माझा हात बघितला. ट्रायल म्हणतात. दुपारच्या जेवणाची एक सर्व्हिस त्यांच्या माणसांबरोबर उभं राहायचं, सांगतील ते करायचं. मग ते ठरवतात.

ती : काय ठरवतात?

तो : तुला माहीत आहे काय ठरवतात.

ती : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तो : कामावर घ्यायचं की नाही ते. घेतो म्हणाले.

ती : कधीपासून?

तो : पुढच्या महिन्यापासून. कागदपत्रांचं ते बघतात. दोन वर्षांसाठी आहे.

ती : दोन वर्षं.

तो : मधे सुट्टी मिळते.

ती : आणि त्यांना उत्तर कधी द्यायचंय?

तो : आज. दुपारची सर्व्हिस सुरू व्हायच्या आत फोन करायचाय. मोठा शेफ म्हणाला, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण टांगून ठेवू नकोस. त्याच्याकडे दुसरा एक माणूस थांबलाय.

ती : मला कधी सांगणार होतास? विमानात?

तो : आजच सांगणार होतो. चिंगीला बोटीतून फिरवून आणलं की मग निवांत बसून.

ती : बोट दुपारची आहे. फोन त्याच्या आधी करायचाय.

तो : हो. म्हणजे... हो.

ती : म्हणजे फोन करून टाकायचा, मग बोटीत बसवायचं, आणि मग सांगायचं. पाण्याच्या मधोमध. उठून जाता येऊ नये म्हणून.

तो : असं काही ठरवलं नव्हतं गं मी.

ती : एक कळत नाही. कण्हण्यापर्यंत सगळं इतकं नीट जमवलंस. मग हा अ‍ॅप्रन घेऊन कशाला आलास?

तो : सवय.

ती : कसली सवय?

तो : मला शिकवलं त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्याच्या किचनमध्ये आपण मळवलेला अ‍ॅप्रन टाकून निघायचं नाही. न्यायचा, धुवायचा, इस्त्री करायची आणि आपल्या हाताने परत द्यायचा. तिथे कोपऱ्यात ही मोठी टोपली होती, सगळे जण जाताना त्यातच फेकत होते. मी दोनदा टोपलीपाशी गेलो. हातच उचलला नाही.

ती : बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकायला बरा उचलला.

तो : बोल. बोलून घे.

ती : हा वेगळ्या मशीनमध्ये टाक. चिंगीच्या फ्रॉकबरोबर नको.

तो : टाकतो.

ती : आणि गरम पाण्यावर लाव, नाहीतर वास जायचा नाही. हे सगळं जुळवलं कुणी?

तो : लंबूने.

ती : लंबू? तुझ्या हाताखाली होता तो? ज्याला पहिला महिनाभर तू नुसते बटाटे सोलायला बसवलंस, आणि तो आपल्या घरी येऊन माझ्यासमोर रडला होता?

तो : तो आता तिथे दोन नंबरला आहे. चांगला तयार झालाय.

ती : मग तू किती नंबरला असणार?

तो : नंबरबिंबर काही नाही. माशांच्या टेबलावर. लंबू सांगेल ते करायचं.

ती : आपल्याकडे तू हॉटेलच्या किचनमध्ये पाय ठेवलास की लोक बोलायचे थांबतात. तुझी स्वतःची केबिन आहे. केस पिकल्यावर इथे येऊन लंबूचं ऐकणार?

तो : ऐकेन. काल ऐकलं की. दोनदा ओरडलासुद्धा माझ्यावर. बरोबर ओरडला.

ती : लंबूचा फोन कधी आला होता?

तो : झाले काही महिने.

ती : ही सहल ठरायच्या आधी की नंतर?

तो : तुम्हाला हे शहर दाखवायचंच होतं मला.

ती : आधी की नंतर?

तो : आधी.

ती : मी रजेसाठी काय काय केलंय माहीत आहे तुला? आमच्या डायलिसिस सेंटरवर माणसं आधीच कमी. मी नसले की माझ्या जोडीदारणीला दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात. तिचं पोर अजून अंगावर पितंय. मी तिच्या अक्षरशः हातापाया पडले. म्हटलं, माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आपणहून सुट्टी घेतोय, मला जाऊ दे. ती हसली. म्हणाली, जा बाई, उशिराचा का होईना, हनिमून करून ये. आणि मी लाजले, मूर्खासारखी.

तो : आई येतेय. आत्ता नको.

ती : आत्ताच.

आई : घ्या, गरम आहे. तो लांबडा पाव घेतला. बेकरीतल्या बाईने खुणेने विचारलं, कापून देऊ का? मी खुणेनेच म्हटलं, दे. आमचं दोघींचं उत्तम जमलं बघ. बोलता येत नसलं की भांडणही होत नाही.

ती : चिंगी कुठे आहे?

आई : ही काय, दारात. समोरच्या दुकानाची काच पुसतोय ना कुणीतरी, त्याच्याकडे बघत बसलीये. मला इथून दिसतेय. तुमची तोंडं अशी का?

ती : आई, तुमचा मुलगा काल आजारी नव्हता.

आई : चांगलंच झालं की मग.

ती : आई.

आई : पाव गार होईल गं. तोड एक तुकडा.

ती : तुम्हाला माहीत होतं.

तो : आईचा काही संबंध नाही यात. मीच तिला—

ती : तू थांब जरा. आई, काल म्युझियममध्ये तुम्ही त्या मेंढरांच्या चित्रासमोर बसलात, ते उठायचं नावच घेईनात. मी म्हटलं, चला, तो बिचारा एकटा पडलाय. तर म्हणालात, गुडघा धरलाय. मी खाली बसून तुमचा गुडघा चोळला, आई. तिथला पहारेकरी येऊन बघून गेला, या बायका काय करतायत म्हणून.

आई : गुडघा दुखत होता. तेवढं खोटं नाही.

ती : आणि मेंढरं?

आई : मेंढरं बरी होती. पण एवढा वेळ बघण्यासारखी नव्हती.

ती : म्हणजे हा इथे कामाला आला, तुम्ही राखणीला आलात. सहलीला मी एकटीच आले.

आई : चिंगी आहे की.

तो : आई, गप्प बस ना गं.

आई : का गप्प बसू? पकडले गेलोय तर नीट पकडले जाऊ दे. हो पोरी, मला माहीत होतं. याने विमानात बसायच्या आधीच सांगितलं होतं. मीच म्हटलं, हिला इतक्यात बोलू नकोस.

ती : का?

आई : सांगितलं तर तुला राग येईल.

ती : तो आलाय. आणखी किती येणार आहे?

आई : याचे वडील फिटर होते, तुला ठाऊक आहे. त्यांना एकदा बोटीवरून बोलावणं आलं होतं. मोठ्या, मालाच्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. हा पोटात होता. मी एका शब्दाने अडवलं नाही. पण माझ्याकडे बघितलं आणि राहिले. आणि राहिले ते मग आम्हाला जन्मभर पुरलं. जेवणात मीठ कमी पडलं की बोट निघायची. छत गळलं की बोट. हा गणितात नापास झाला तेव्हा सबंध आठवडा बोटच. आयुष्यात बोटीवर पाय ठेवला नाही, पण घरबसल्या सगळे समुद्र फिरून आले मी.

तो : आई, पुरे.

आई : पुरे काय? तू तर मार खाल्लायस त्या बोटीपायी. वाईट नव्हते गं ते. कामाला वाघ होते. पण घरी राहिले आणि घरावर राग धरून राहिले. हल्ली हा रात्री येतो, दिवा न लावता बाहेरच्या खोलीत बसून राहतो, तेव्हा पाठमोरा अगदी त्यांच्यासारखा दिसतो. मला धडकी भरते. तुझ्या घरात ती बोट शिरू नये एवढंच माझ्या मनात होतं.

ती : मग मला सांगायचं होतंत. मी काय दोरीने बांधून ठेवणार होते याला?

आई : सांगायचं असतं, हे सुचलंच नाही गं.

ती : सुचलं नाही?

आई : मला कधी कुणी विचारलं नव्हतं. पुरुषांनी ठरवायचं आणि आपण निभावून न्यायचं, एवढंच माहीत. मी निभावून नेत होते. ते तुझ्या उरावर चाललंय, हे काल तू खाली बसून गुडघा चोळायला लागलीस तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

ती : तुम्ही बसा, आई. उभ्या राहू नका.

आई : नको. मी चिंगीपाशी उभी राहते. तो काचवाला चालला की ती त्याच्या मागे जायची. तुम्ही बोला. आणि बंडू, हिला उलट बोलू नकोस.

तो : जेवढं बोलायचं तेवढं तूच बोललीस.

ती : आईंचं कळलं मला. तुझं सांग. तू का नाही बोललास?

तो : भांडण नको होतं.

ती : आपण भांडतो कधी? भांडायला दोघं एका वेळी घरात असावी लागतात. मी पहाटे निघते तेव्हा तू घोरत असतोस. तू येतोस तेव्हा मी मेल्यासारखी झोपलेली. तुझ्या किचनमधलं मी डब्यातून, गार झालेलं खाते. आपलं घर शिफ्टमध्ये चालतं. खरं कारण सांग.

तो : सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?

ती : तूच सांग, काय म्हणाले असते.

तो : 'जा' म्हणाली असतीस. तिथल्या तिथे. हातातली कपड्यांची घडी खाली न ठेवता. 'जा, इकडचं मी बघते.' दर वेळी हेच म्हणतेस. चिंगीला ताप होता आणि मला मोठ्या पार्टीला थांबवून घेतलं, तेव्हा हेच. तुझ्या भावाच्या लग्नातून मला अर्ध्यात जावं लागलं, तेव्हाही हेच.

ती : मग काय करायचं होतं? शर्ट धरून रडायचं होतं?

तो : नाही. पण इतकं सहज म्हणतेस, की वाटतं, मी असलो काय आणि नसलो काय, हिचं कुठे काही अडत नाही. उद्या मी दोन वर्षं जातो म्हटलं आणि तू 'बरं' म्हणून गॅसकडे वळलीस, तर? ते बघायची हिंमत नव्हती माझ्यात. त्यापेक्षा चोरून ठरवलेलं परवडलं.

ती : मी सहज म्हणते.

तो : मला तसं वाटतं.

ती : माझ्यासमोर दिवसभर माणसं मशीनला लावलेली असतात. त्यांचं सगळं रक्त बाहेर फिरून आत जात असतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत असतात. मशीनने बारीकसा आवाज केला तरी बघतात, माझा चेहरा बदलतो का. बदलला की त्यांचं बीपी बिघडलंच. म्हणून काहीही झालं तरी मी म्हणते, काही नाही हो, होतं असं, मी बघते. घरी येताना ते तोंड उतरवून ठेवायचं राहून जातं. तुझ्या लेखी ते सहज.

तो : हे मला माहीत नव्हतं.

ती : तुला बरंच माहीत नाहीये.

तो : तुझं मशीन थांबलंय. पाणी काढून टाकतंय वाटतं.

ती : थांबू दे. काल संध्याकाळी जेवताना तू हसत होतास. चिंगीने काट्याने सूप प्यायचा प्रयत्न केला, तर तू खुर्चीवरून पडायचा बाकी होतास. मी म्हटलं, पोट बरं झालं वाटतं. तू माझ्या ताटातला मासा उचललास. कितीतरी दिवसांनी. नंतर आईंना आणि चिंगीला पुढे घालून आपण पायी परत आलो, तेव्हा माझा हात धरला होतास तू. मला वाटलं, हे आमच्यामुळे.

तो : तुमच्यामुळेच.

ती : खरं सांग. आता आणखी एक खोटं मला पचायचं नाही.

तो : तुमच्यामुळे होतंच. पण काल दिवसभर हात चालला होता, त्यामुळेही होतं.

ती : हात तर तिकडेही चालतो.

तो : कुठे चालतो? तिकडे मी शेवटचा कांदा कधी कापला, विचार मला. आठवत नाही. सकाळी मीटिंग, मग खरेदीवाल्यांशी घासाघीस, मग कोण न सांगता गेला, कोणी कोणाची कॉलर धरली. संध्याकाळी बुफेमागे उभं राहून पाहुण्यांकडे बघून हसायचं. मोठा शेफ झालो आणि स्वयंपाकातून उठलो. काल त्या लोकांनी माझ्यापुढे माशांची पेटी ठेवली. बर्फातून काढलेले, ताजे, डोळे चकचकीत. पहिला मासा मी वाईट कापला. हाताची सवय गेली होती. दुसराही तसाच. नंतर मग कुठेतरी बोटांना आठवलं. सुरी काट्यावरून आपली आपण जायला लागली. मला कळलंच नाही किती वेळ गेला. कुणी साहेब म्हणालं नाही. लंबू ओरडला, मीठ आधी का घातलंस, आणि मी 'हो शेफ' म्हणालो. लंबूला. आणि मला लाज वाटली नाही. मी निघालो तेव्हा पाठ दुखत होती, आणि रस्त्यात मी शीळ घालत होतो.

ती : तू आणि शीळ.

तो : एका बाईने वळून बघितलं.

ती : मला कधी ऐकू आली नाही ती घरात.

तो : म्हणून तर.

ती : आमच्याजवळ राहून येत नाही, असं म्हणायचंय का तुला?

तो : नाही. तिकडे ते किचन नाही, असं म्हणायचंय. तिकडे मला कुणी परत टेबलावर उभं करणार नाही. मी मागितलं होतं. मॅनेजर म्हणाला, लोक काय म्हणतील, तब्येत बरी आहे ना? जाऊ दे. नाही सांगतो त्यांना. आत्ता फोन करतो आणि नाही सांगतो. विषय संपला.

ती : खिशात ठेव तो फोन.

तो : तुला नकोय ना? मग झालं.

ती : मला नकोय असं मी म्हणाले कुठे? तूच ठरवतोयस. आधी चोरून हो ठरवलंस, आता माझ्याकडे बोट दाखवून नाही ठरवतोयस. ते 'नाही' माझ्या डोक्यावर ठेवू नकोस. उद्या चिंगीचे मार्क कमी आले तरी तू माझ्याकडे बघशील. मी नाही ते सहन करणार.

तो : मग काय करू? सांग तू. हो म्हणू तर फसवणूक, नाही म्हणू तर तुझ्या डोक्यावर.

ती : विचार मला.

तो : काय?

ती : जे लंबूचा फोन ठेवल्यावर विचारायचं होतं, ते. नीट विचार. इकडे बघून.

तो : आता तुला सगळं माहीत झालंय. आता काय विचारायचं?

ती : तरी विचार.

तो : मी इथे येऊ का कामाला? दोन वर्षं. तुला, चिंगीला, आईला तिकडे ठेवून.

ती : नको येऊस.

तो : काय?

ती : नको येऊस. मला तू घरी हवा आहेस. घोरत असलास तरी. पहाटे गजर वाजला की मी तुझ्या अंगावरून हात टाकून तो बंद करते, आणि तू झोपेत काहीतरी पुटपुटतोस. त्याच्यावर माझा दिवस निघतो. मला एकटीला जमणार नाही, असं नाही. जमेल. आईंचं, चिंगीचं, सेंटरचं, सगळं जमेल. पण मला ते जमवायचं नाहीये. मला भीती वाटतेय. दोन वर्षांनी तू येशील तेव्हा आपल्याला एकमेकांशी काय बोलायचं तेही आठवणार नाही, याची भीती वाटतेय. नको जाऊस.

तो : तू असं कधी बोलली नव्हतीस.

ती : आता बोलले. आता तो फोन काढ आणि बाहेर जा. काय सांगायचं ते तू ठरव. मी ऐकायला येणार नाही. वेळ होत आलीये तुझी.

(तो फोन घेऊन दाराबाहेर जातो. काचेतून दिसतो, ऐकू येत नाही. आई आत येते.)

आई : मला म्हणाला, चिंगीला मी बघतो, तू आत बस. काय ठरलं?

ती : बाहेर ठरतंय.

आई : तू काय म्हणालीस?

ती : नको म्हणाले.

आई : तोंडाने?

ती : तोंडाने.

आई : बाई गं. कसं वाटतं, म्हणून झालं की?

ती : जड वाटतंय.

आई : मला नेहमी वाटायचं, हलकं वाटत असेल.

ती : तेही वाटतंय थोडं.

आई : मी म्हणायला हवं होतं गं. नको जाऊ म्हणायचं, नाहीतर खुशाल जा म्हणायचं. काहीतरी एक. मी नुसती भाकऱ्या थापत बसले आणि त्यांना वाटलं, हिच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलं.

ती : काय होतं तुमच्या मनात?

आई : जावं असं होतं. मला बोटीवरून पत्रं आलेली आवडली असती. ठेवला वाटतं फोन. मी ते वाळवायच्या मशीनकडे बघते. त्यातलं बटण कुठलं, ते मला कळलंय मघाशी.

ती : लाल नका दाबू.

तो : बोललो.

ती : काय?

तो : हो म्हणालो. पुढच्या महिन्यात येतो म्हटलं.

ती : बरं.

तो : 'बरं' म्हणू नकोस. दुसरं काहीही म्हण. शिव्या दे.

ती : सुचत नाहीयेत. चिंगीला काय सांगायचं?

तो : मी सांगतो. आजच. तुझ्यासमोर.

ती : सांग.

तो : एक बोलू? तू 'जा' म्हणाली असतीस ना, तर मी त्यांना नाही सांगितलं असतं. घाबरून तुझ्या मागोमाग घरी आलो असतो, आपलं काही उरलंय की नाही ते बघायला. तू नको म्हणालीस, म्हणून मला हो म्हणता आलं. आता वाटतंय, परत यायला घर आहे.

ती : कळलं.

तो : खरंच कळलं?

ती : कळलं रे. पण मी ते खरंच म्हणाले होते.